किदानेच्या चपला

शहीद दिनाच्या सकाळी लेतेब्रहानने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून कुलूप काढलं. पस्तीस वर्षांपूर्वी इरिट्रियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, नकफाच्या डोंगरात तिचा मुलगा किदाने धारातीर्थी पडला, तेव्हा सोबत्याने त्याच्या प्लास्टिकच्या चपला तेवढ्या घरी आणून दिल्या होत्या. दरवर्षी या दिवशी ती त्या ओल्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची.

“आई, यंदा स्मारकात देऊन टाकू या,” लेक अझिएब म्हणाली. “किती दिवस कवटाळून बसणार?”

 चपलांचे तळ वर्षागणिक झिजत चाललेत, हे लेतेब्रहानने कुणालाच सांगितलं नव्हतं.

अझिएबने त्या उलट्या केल्या. टाचेला आरपार भोक पडलं होतं.

“चोरून घालून फिरतेस की काय?”

“अगं, माझ्या पायात राहतील तरी का त्या?”

डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि आघाडीवरची पोरं जोडायची तसा, तापल्या सळईने वितळवून जोडलेला होता.

“आणि हा कधी जोडलास?”

लेतेब्रहानने त्या सांध्यावर बोट ठेवलं. चटका बसला. प्लास्टिक अजून मऊ होतं.