बुडाशी पाणी

बापूंनी तुळशीचं पान उलटं करून पाहिलं. वर काळे डाग, खाली करड्या बुरशीची लव.

"कुजून राहिली ही. कोण किती पाणी घालतं इला?"

"मी सकाळी एक तांब्या, पूजेपुरतं," राधाबाई म्हणाल्या. सून प्रतिमा म्हणाली, मी तर हातही लावत नाही.

ही तुळस मुलानं, श्रीरंगनं, पलटणीत जाण्याआधी लावलेली. सन पासष्टचा सप्टेंबर होता. श्रीरंग पंजाबच्या सीमेवर होता आणि बरेच दिवस त्याची काही खबर नव्हती. तुळस गेली तर, हा विचार चेरीताल मोहल्ल्यातल्या त्या घरात तिघांच्याही मनात होता. बोलत कोणीच नव्हतं.

बापू कारखान्यात फिटर. बिघाड दिसला की कारण शोधायचं, देवाला मध्ये आणायचं नाही, असा त्यांचा खाक्या. त्यांनी डागाळलेल्या फांद्या कात्रीनं कापल्या, गळलेली पानं वेचली.

"हे चुलीत घाल. नाही तर बुरशी पसरेल."

"अवो, तुळस जाळतं का कोणी?"

शेवटी मागच्या भिंतीशी खड्डा करून सगळं पुरलं.

"आता पानांवर थेंब नको. सकाळी एकदाच, अन् बुडाशी," असं दोघींना दटावून बापू रात्रपाळीला गेले.

तरी पानं ओलीच सापडत. एका दुपारी राधाबाईंनी सुनेला तांब्यासकट पकडलं.

"तू काहून वं?"

"रेडिओवर बातम्या लागल्या की राहवत नाही, आई. अन् तुम्ही पण दिवेलागणीला घालताच ना?"

मग दोघींनी मिळून तांब्या फडताळात ठेवून दिला. त्यानंतरही सकाळी पानांवर पाणी दिसे. दव असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एके दिवशी दोघी जरा लवकर उठल्या. बापू पाळी संपवून नुकतेच आले होते. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्याचा पुडा नळाखाली भरला, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटत सगळं पाणी तुळशीच्या शेंड्यावर ओतलं. डोळे उघडले तर दारात सासू-सून.

"बुडाशीच घातलं," बापू म्हणाले. पानांवरून थेंब टपकत होते.

राधाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्या पदराचं टोक घेऊन एकेक पान टिपू लागल्या. प्रतिमा दुसऱ्या बाजूनं बसली. बापूंनी खिशातून रुमाल काढला, त्यावरचं मशीनचं तेल पाहून परत ठेवला, आणि सदऱ्याच्या टोकानं तेही पानं पुसायला लागले.

"हळू," राधाबाई म्हणाल्या. "तिथं नवा फुटवा आहे."