मागे तेवणारी समई

"समई तेवत असताना जिभेवर खोटं येऊ द्यायचं नाही हो," असं बजावून सासूबाईंनी ती समई मालिनीबाईंच्या हाती सोपवली होती. मालिनीबाईंनी तसा शब्दही दिला होता.

आज खालच्या मजल्यावरची हेमांगी मोबाइल नाचवत आली. "काकू, मसाल्यांचा धंदा काढतेय. ह्या दोन ऑनलाइन कोर्सपैकी कुठला घेऊ ते ठरेना. हे एक सर फळ्यावर हिशेब मांडून शिकवतात. हे कोटवाले नुसते गाडीला टेकून बाता मारतात. मला फळ्यावालेच पटले होते, पण कोटवाल्यांच्या व्हिडिओत बघते तर तुम्ही!"

पडद्यावर मालिनीबाई हात जोडून सांगत होत्या, "सरांमुळे माझं मेतकूट घरोघरी पोचलं." मागे समई तेवत होती. "दिवा दिसू द्या ताई, लोकांचा विश्वास बसतो," असं त्या कोटवाल्या सरांनीच सुचवलं होतं आणि त्या बदल्यात पुढचा कोर्स फुकट दिला होता.

"तुम्ही नेमधर्माच्या, तुम्ही कशाला खोटं बोलाल? उद्या शिलाई मशीन विकते आणि फी भरते," म्हणत हेमांगी हसत निघून गेली.

तिन्हीसांजेला मालिनीबाई दिवा लावायला बसल्या, पण काडी ओढायला हात धजेना. समईकडे बघवेना. अखेर त्या उठल्या, फळीवर न खपता तसेच पडून राहिलेले मेतकुटाचे पुडे त्यांनी पिशवीत भरले आणि हेमांगीच्या दाराकडे जिना उतरू लागल्या.