दोन बोटं वाढ

साहेब, तुम्ही खोटं बोललात. माझी लेक नास्ली अत्रातो नदीत बुडाली म्हणालात, शवपेटी उघडू दिली नाहीत आणि पोरीच्या कापलेल्या वेण्या तेवढ्या पिशवीतून माझ्या हातात ठेवल्यात.

वेण्या माझ्याच हातच्या. तिच्या पदवी समारंभासाठी आठ तास बसून घातलेल्या, साठ बारीक वेण्या, प्रत्येक अगदी मुळापासून घट्ट.

महिन्याने पिशवी उघडली, तर प्रत्येक वेणीच्या मुळाशी एक बोट सुटे, कुरळे केस.

"वहिनी, तूच सैल घातल्या असशील," नणंद एनेरिस म्हणाली.

"अख्ख्या अत्रातोच्या काठावर माझी वेणी सैल म्हणणारी तू पहिलीच, भवाने!"

ती हसली. केसांना हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"ऊन लागतायत गं."

दोन बोटं वाढ झाली की नास्ली माझ्या पुढ्यात येऊन बसायची, मुळं पुन्हा वळून घ्यायला. काल दोन बोटं पूर्ण झाली.

आज सकाळी बघते, तर साठही मुळं वळलेली, ताज्या तेलाने ओली. मी उजवा पेड वर घेते. इथे डावा वर आहे.

साहेब, माझी पोरगी कुणाच्या पुढ्यात बसलीय?