ट्यूबची गाठ

माझी बायको अकीला वारली तेव्हापासून घर गपगार आहे. शर्टाचं गळ्याचं बटन तुटलं, तेही तसंच आहे.

पुण्याची भाची मेहनाज मले गाणी पाठवते, परदेशातल्या कोण्या अनोळखी पोरांच्या बँडची. "मामू, हे थंडीतल्या दुपारचं आहे. एकट्यानं ऐका."

आज सायकलचं दुकान बंद करून जेवायले घरी आलो अन् इअरफोन लावला. गिटार होती, उदास गळा होता. अन् मागं शिलाई मशीन चालून राह्यली होती. दर फेऱ्याले एक टक.

तो टक मी ओळखतो. अकीलाच्या मशीनचा पट्टा तुटला, तवा मीच त्याले सायकलच्या ट्यूबची गाठ मारून दिलती; ती चाकावर आली का टक वाजे.

इअरफोन काढला. कोपऱ्यातली मशीन चादरीखाली गप्प होती.

मेहनाजले फोन लावला. "कायची मशीन, मामू? नुसती गिटार आहे त्यात."

पुन्हा ऐकलं. टक, टक. मग मशीन थांबली, अन् दातानं धागा तोडल्याचा आवाज आला, अगदी माझ्या हनुवटीखाली.

गळ्याशी हात नेला. बटन लागलेलं होतं. धाग्याचं टोक ओलं होतं.