घसा बसलाय

"अहो, हा आवाज जगाला ऐकवायची काही गरज आहे का?" बायकोने चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

तंबाखूविरोधी मोहिमेची बाई रेकॉर्डर घेऊन समोर बसली होती. जो यातून वाचला, त्याच्या तोंडूनच लोक ऐकून घेतात, असं तिचं म्हणणं. नवऱ्याने हातातलं यंत्र गळ्याला लावलं. कर्करोगात स्वरयंत्र गेल्यापासून तो असाच बोलायचा, पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखा.

"मी सांगणार," भुंगा म्हणाला.

बायको तरातरा आत गेली. ऑपरेशन झाल्यापासून ती शेजारीपाजारी एकच सांगत आली होती, "ह्यांचा घसा बसलाय." इतके महिने कुणाचा घसा बसतो का? पण हिचा हेका कायम. दारावर कुणी आलं की नवऱ्याला डोळ्यांनीच गप्प करायची.

आणि स्वतः मात्र बाजाराला निघाली की वळसा घालून बसस्थानकावर जायची. नोकरीत असताना त्याने रेकॉर्ड केलेल्या गाड्यांच्या सूचना तिथे अजून वाजत. त्या आवाजावर भाळूनच तर तिने लग्नाला होकार दिला होता. बाकावर बसून पोटभर ऐकायची. भाजी कधी कधी राहूनच जायची.

रेकॉर्डिंगला पंधरा दिवस झाले असतील, त्या दिवशीही ती बसली होती. वरच्या कर्ण्यातून तोच मधाळ आवाज आला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे." सवयीप्रमाणे कुणीही लक्ष दिलं नाही.

पाठोपाठ कर्णा खरखरला. तिने ओळखलं. पिशवी उचलून ती उठलीच.

"आत्ता गाडी सांगितली, तो आवाज माझा होता," भुंगा सावकाश म्हणाला. "हाही माझाच आहे. मधे फक्त तंबाखू आली."

स्थानक चिडीचूप झालं. खांबाला टेकलेल्या चालकाचा तळहातावर फिरणारा अंगठा थांबला. त्याने वर कर्ण्याकडे पाहिलं आणि मळलेली चिमूट झटकून टाकली.

ती पुन्हा खाली बसली.

"अंगावर काटा आला हो," बाकावरची अनोळखी बाई म्हणाली. "कोण असेल बिचारा?"

"बिचारा कसला!" तिने पाठ ताठ केली, पदर सारखा केला. "आमचे हे आहेत. दोन्ही आवाज ह्यांचेच."