उद्याचा महारथी

अडथळ्यांवरून झेपावणारे उद्याचे महारथी घोडे इंग्लंडातल्या चेल्टनमच्या या शर्यतीतच ओळखू येतात, असं आमच्या आयर्लंडात शेंबडं पोरही सांगेल. या शर्यतीत अडथळा मात्र एकही नसतो. यंदा ती आमच्या गावाने वर्गणी काढून घेतलेल्या घोड्याने जिंकली.

"पुढच्या वर्षी अडथळ्यांवरून उडव रे याला, डिन्या!" पबवाला फेस्टस ओरडला. घोडा तयार करणारा डिनी ग्लासात बघत राहिला.

"अहो, हसा की जरा! कुणी गेलंय का?" बायको नूला कुजबुजली.

"सांगून टाकू यांना?"

"आज नको. फादरसुद्धा नाचतायत."

 

 

तबेल्यापुढे पाण्याची रबरी नळी आडवी पडली असेल, तर ती कुणीतरी उचलेपर्यंत घोडा पाऊल पुढे टाकत नाही.