हा माल कोणी पिकवला?

सरकार, हॉलंडमध्ये गांजा विकायला तुम्ही मुभा दिलीत आणि पिकवायला बंदी घातलीत. मग तो दुकानात येतो कुठून, हे कुणी कुणाला विचारायचं नाही, अशी सवय आम्हाला लावलीत. म्हणून त्या दुपारी डौवेच्या कॉफीशॉपमध्ये, म्हणजे गांजाच्या दुकानात, एका पाहुण्यानं नेमकं तेच विचारलं, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं.

पाहुणा बेल्जियमचा. लीवन त्याचं नाव. भाड्याच्या होडीतून बायकोला कालव्याकालव्यानं हिंडवत होता. बायको, मार्तीन, बाहेर बाकावर बसली होती. भर उन्हात लोकरीची टोपी. टोपीखाली केस नव्हते. कॅन्सरच्या औषधांनी तिची भूक पार मारून टाकली होती. घरी येणाऱ्या नर्सनं लीवनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, थोडा गांजा वाफ करून ओढायला द्या, चार घास पोटात जातील. पण बुरशीचा कण असता कामा नये. तिच्या अंगात आता झुंजायची ताकद नाही. छातीत बुरशी गेली, तर बाई हातची जाईल.

म्हणून तो दुकानं पारखत फिरत होता. पहिल्या दुकानात त्याच्या प्रश्नावर सगळे हसले. पुलाजवळच्या दुसऱ्या दुकानाचा मालक म्हणाला, "इथलाच आहे पाहुणे, आपल्या डोंगरातला." सपाट हॉलंडमध्ये डोंगर! लीवन तिथूनही बाहेर पडला.

डौवेकडे तो बरणीत नाक घालून उभा होता.

"खरबूज घ्यायला आलात का?" खिडकीजवळच्या रिंस्कानं विचारलं. म्हातारी रोज तिथेच बसायची. कॉफी आणि लोणी लावलेला मसाल्याचा केक.

"खरबूज असतं तर कापून बघितलं असतं, बाई," लीवन म्हणाला. मग डौवेकडे वळला. "हा माल कोणी पिकवला?"

"चांगल्या हातचा आहे."

"कुणाच्या हातचा?"

"चांगल्या," डौवे म्हणाला आणि कोरडं फडकं घेऊन कोरडाच काउंटर पुसायला लागला.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला तुमची दोन माणसं होती. एक पुरुष, एक बाई. दुकानात ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल नाही ना, हे बघायला आलेली. ती एकेक बरणी तराजूवर ठेवत होती. प्रश्न त्यांनीही ऐकला. पण वजन करत राहिली.

"बरं, नाव नका सांगू," लीवन म्हणाला. "माझी बायको आजारी आहे. यात बुरशी नाही, एवढं सांगा."

"मला तरी दिसत नाही. पण आतून असली तर मला कशी कळणार?"

लीवननं मान डोलावली. तीन दुकानांत खरं बोललेला हा पहिलाच माणूस; भरवसा ठेवायचा तर याच्यावरच. "द्या मग," तो म्हणाला. डौवेनं पुडी बांधली.

रिंस्काच्या हातातला केक हातातच राहिला.

तिचं घर गृहसंस्थेचं, भाड्याचं. तिथे ती लग्न होऊन आली, तिथेच नवरा गेला. माळ्यावर गांजाची रोपं सापडली की घर खाली करावं लागतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत. वसंतात छपराची कौलं सरकली आणि माळा गळायला लागला. दुरुस्ती फुकट होती. नुसता फोन करायचा. पण छप्पर दुरुस्त करणारा माळ्यावर चढला असता. तिनं फोन केला नाही. बादल्या लावल्या. सुकत घातलेल्या कळ्यांतल्या काळ्या पडलेल्या निवडून फेकल्या आणि उरलेल्या चांगल्या आहेत, अशी स्वतःची समजूत घातली.

बाहेर मार्तीन आपला पाव मोडून बदकांना घालत होती. सगळाच घातला. स्वतःच्या तोंडात एक तुकडाही नाही.

"घेऊ नका ते," रिंस्का म्हणाली.

"रिंस्का, केक खा," डौवे हळूच म्हणाला.

"तूच खा. पाहुणे, ठेवा ती पुडी खाली. माळा गळतोय माझा. या मालाला बुरशी धरलीय. मीच पिकवलाय तो."

तराजूवरचा हात थांबला.

लीवननं पुडी खाली ठेवली. आभार मानायला तो वळला, पण दुकानातलं कुणीच त्या बाईकडे बघत नव्हतं. का ते त्याला कळेना. तो बाहेर गेला आणि मार्तीनला हात देऊन उठवलं.

तुमची बाई खिडकीजवळ आली. "पूर्ण नाव?"

रिंस्कानं सांगितलं. पत्ताही सांगितला, कुठून वळायचं तेसुद्धा. "वर जाताना जपून," ती म्हणाली. "जिन्यावर बादल्या आहेत."

तुमच्या माणसानं मग शेवटची बरणी तोलली. रिंस्काचीच. आकडा बघितला. "मर्यादेच्या आत आहे. दुकान नियमात बसतं." आणि बरणी स्वतःच्या हातानं फळीवर ठेवून दिली.

"अहो, बुरशी आहे त्यात. आत्ता तुमच्यासमोर बोलली ना ती!" आमच्यातला एकजण म्हणाला.

"ते आमच्याकडे येत नाही," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "आम्ही फक्त वजन बघतो."

रिंस्काचं घर गेलं. बरणी डौवेनं स्वतः कचऱ्यात ओतली, तुम्ही नाही. आठवडाभरात तिच्या जागी दुसरी आली. कुणाकडून, ते आम्ही विचारलं नाही. आणि आज आणखी एक पाहुणा, बायकोला बाहेर बसवून, त्या बरणीचा वास घेत उभा आहे. जिला माहीत होतं आणि जी बोलली, तिला तुम्ही बेघर केलंत. आता याला कोण सांगणार? उत्तर द्या.